वीस डबे घरातून, पंच्याहत्तर डबे गाळ्यातून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कर्वेनगरमधल्या टू बीएचके फ्लॅटमधून गेली दोन वर्षं तुम्ही दुपारचे २० डबे देता. चार पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा रस्सा, ८० रुपये. मागणी वाढतेय म्हणून पोळ्या लाटायला एक बाई ठेवायचा विचार आहे. तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र आलं की निवासी सदनिकेतला व्यवसाय बंद करावा. शेजारच्या गल्लीत १८० चौरस फुटांचा गाळा २२ हजार भाडं आणि २ लाख अनामतीवर मिळतोय. घरातूनच चालू ठेवावं की गाळा घ्यावा, परवाने कोणते लागतील, आणि पाटी लावावी का?

आधी उत्तर देते, मग कारणं. गाळा आज घेऊ नका. आणि लाटायला बाईही घरात आणू नका. पत्राने तुम्ही घाबरलेल्या दिसता, पण दोन्हींतला जास्त महागात पडणारा निर्णय तो बाईचा आहे.

मी १९९९ पासून या धंद्यात आहे. पहिली आठ वर्षं घरातून, त्यानंतर गाळ्यातून. घरातून करत होते तेव्हा पहिली सहा वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. उलट जिन्यात भेटलं की "आज काय, मटकी का?" असं विचारायचे. सातव्या वर्षी मी सकाळी सहाला एक मावशी यायला लावल्या, चारच महिन्यांत आणखी एक. डबे झाले ५५. न्यायला तीन मुलं यायची, त्यांच्या गाड्या पार्किंगच्या तोंडाशी. बरोबर वर्षभरात पहिलं पत्र आलं. तेव्हा मला वाटलं, लोकांच्या पोटात दुखतंय. आता वाटतं, लोक सहा वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या शेजारी राहत होते आणि सातव्या वर्षी कारखान्याच्या शेजारी राहायला लागले.

कायद्यानेही रेघ जवळजवळ तिथेच ओढली आहे. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर २०२० च्या डिसेंबरपासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे (आर्किटेक्ट मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात), तिच्यात घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे. काढून वाचा, तुमच्यासाठीच लिहिल्यासारखी वाटेल. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने करायचा, पगारी माणूस न लावता. बाहेरून पाटी किंवा काही खूण दिसता कामा नये. विकायचं ते तिथेच तयार केलेलं असावं. यंत्रं घरात एरवी वापरतात तीच. आणि लोकांनी येऊन बसून खायचं ठिकाण चालवायचं नाही. म्हणजे तुम्ही एकट्या, तुमच्या मिक्सर-कुकरवर, २० डबे भरून बाहेर पाठवता तोवर "हे निवासी घरच आहे, त्यात घरगुती व्यवसाय चालतो" असं म्हणायला तुमच्याकडे जागा आहे. बाई पगारावर आली की ती जागा गेली. उद्या कणीक मळायचं मोठं मशीन आणलंत तरी गेली. दारात गिऱ्हाइकांची रांग लागली तरी सांभाळणं कठीण.

आता पैशाकडे बघू, कारण रेघ तिथेही आहे.

तुम्ही लिहिलंय की डब्यामागे "साधारण निम्मे सुटतात". सुटत नाहीत. मी तुमच्याच डब्याचा हिशेब मांडते. किलोभर कणकेत घडीच्या पोळ्या होतात तीसच्या आसपास. कणीक, तेल, गॅस धरून पोळी पावणेतीन रुपयांना पडते, चार पोळ्या ११ रुपये. सुकी भाजी १५, उसळ १०, तेल-मसाला-कोथिंबीर ६, डबा-पिशवीची झीज ६, पोचवणाऱ्या मुलाचे १०. झाले ५८. उरले २२. वीस डबे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ११,४४० रुपये. तुम्ही मंडईपासून भांड्यांपर्यंत रोजचे सहा तास धरा, महिन्याचे १५६ होतात. तासाला ७३ रुपये पडले. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. पुढचा प्रत्येक निर्णय घेताना विचारायचं एवढंच, की हा आकडा वाढतोय का घटतोय. डब्यांची संख्या वाढली म्हणून आनंदायचं नाही. माझे ५५ डबे होते तेव्हा मला तासाला मिळत होते ते ३० डब्यांच्या काळापेक्षा कमी, आणि हे मला कळलं दोन वर्षांनी, यजमानांनी वही तपासली तेव्हा.

गाळ्याचं गणित आता. भाडं २२ हजार, वीज साडेतीन हजार (गाळ्याला व्यापारी दर लागतो), लाटणारी बाई १५ हजार, किरकोळ दीड हजार. महिन्याला ४२ हजार घरातून निघाल्यासारखे धरा. दिवसाला १,६१५. गाळ्यावर गिऱ्हाईक स्वतः येऊन नेतं, पोचवायचे १० रुपये वाचतात, म्हणून डब्यामागे ३२ सुटतील. म्हणजे नुसता गाळा उघडा ठेवायला रोज ५० डबे. आज मिळतात ते दिवसाचे ४४० रुपये मिळवायला आणखी १४. झाले ६४. आता यात एक गंमत आहे, जी नवीन माणसाच्या लक्षातच येत नाही. पुण्यात डब्याचा धंदा बारा महिन्यांचा नाही. मे महिन्यात विद्यार्थी गावाला जातात, दिवाळीत नोकरीवालेही जातात, गणपतीत निम्म्या घरी पाहुणे आणि निम्म्या घरी कुलूप. मी वर्ष साडेदहा महिन्यांचं धरते. भाडं मात्र मालक बारा महिन्यांचं घेतो. म्हणून तुम्ही ६४ नाही, ७५ डबे धरा. वीसवरून पंच्याहत्तर. मधे ३५-४० डब्यांचा जो टप्पा आहे, तिथे गाळा घेतलेल्या बायकांचं सोनं गहाण पडताना मी पाहिलंय.

त्यात सुरुवातीचा खर्च मी धरलाच नाही. अनामत परत मिळते, ठीक. पण ओटा, मोरी, एक्झॉस्ट, फरशी, वायरिंग यात दीड लाख सहज जातात आणि गाळा सोडताना त्यातलं काही उचलून नेता येत नाही. बँकेत मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं, पण ते भांडी-शेगडीला ठीक आहे. अनामतीसाठी कर्ज काढू नका.

मग वाढायचं कसं? बाई घरात आणायची नाही, तर काम बाईच्या घरी पाठवा.

ही काही माझी अक्कल नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्या लिज्जतची पद्धतच ही आहे. पीठ केंद्रावर मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, वाळवून आणून देतात. यंत्र, वजन, पारख एका जागी, आणि हाताचं काम प्रत्येकीच्या घरात. लाटणाऱ्या बायकांना त्यासाठी गाळा लागला नाही. पोळीलाही हे जमतं. तुमच्या आसपासच्या दोन बिल्डिंगमध्ये अशा दोन बायका शोधा ज्यांना सकाळी नऊ ते साडेदहा मोकळा वेळ आहे. तुमच्याकडची कणीक द्या म्हणजे प्रत एकसारखी राहते. पोळीमागे साडेतीन रुपये द्या, गॅस तिचा. डब्याला १४ रुपये गेले, तुमचे गॅस आणि तेलाचे दोनेक वाचले. त्या डब्यामागे २२ ऐवजी १० उरतील. आता २० डब्यांच्या पोळ्या तुम्ही स्वतः करा, वरच्या १५ डब्यांच्या बाहेरून घ्या. दिवसाचे ४४० अधिक १५०, महिन्याचे १५,३४०. वाढलेलं काम फक्त भाजीचं, आणि भाजी १५ माणसांची वाढली तरी वेळ दुप्पट लागत नाही, पातेलं मोठं लागतं. ३५ डब्यांच्या पुढे मात्र घरात जाऊ नका. खूण सांगते: एकच उसळ करायला कुकर तीनदा लावावा लागला की घर संपलं.

विकायचं ते तिथेच तयार केलेलं असावं, या वरच्या अटीत बाहेरच्या पोळ्या काटेकोरपणे बसत नाहीत, हे लक्षात असू द्या. आणि एक करा. त्या दोघींचीही अन्नाची नोंदणी (एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) त्यांच्या नावाने, त्यांच्या पत्त्यावर काढून घ्या. पोळी त्यांच्या घरात होते आहे, तुमच्या कागदावर ती झाकली जात नाही. आणि पहिले पंधरा दिवस रोज एक पोळी मोडून बघा. लाटणारीचा हात चांगला असतो पण तवा कुणाचा कसा तापतो ते घराघरात वेगळं.

आता सेक्रेटरींचं पत्र. तुमची इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुण्यात लोक दोन्हींना सोसायटीच म्हणतात. अपार्टमेंट असेल तर १९७० च्या कायद्याखालचं घोषणापत्र, म्हणजे डिक्लेरेशन डीड, बघा. प्रत्येक सदनिकेचा वापर त्यात लिहिलेला असतो आणि तो बांधील असतो. सहकारी सोसायटी असेल तर उपविधी, म्हणजे सोसायटीचे बायलॉज, बघा. शासनाच्या आदर्श उपविधींत सदस्याने इतरांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही करू नये, असं कलम आहे आणि खरी तक्रार त्यावरच टिकते. "व्यवसाय" या शब्दावर वाद घालत बसू नका. पत्रात नेमका त्रास कोणता लिहिलाय ते बघा. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात चार गोष्टी आहेत: फोडणीचा वास, डबेवाल्या मुलांच्या गाड्या, लिफ्ट अडणं आणि तुंबलेलं ड्रेनेजचं चेंबर. चारही खऱ्या असणार. माझ्या वेळीही हेच चार होते, लिफ्ट सोडून, कारण आमच्याकडे लिफ्टच नव्हती.

चेंबर सर्वांत गंभीर आहे आणि सर्वांत सोपं. कणकेचं पाणी आणि तेल एकाच नळीतून जातं तेव्हा आत सिमेंटसारखा थर धरतो. परात धुण्याआधी सुक्या फडक्याने पुसायची, कढई कागदाने पुसायची, तो कागद कचऱ्यात. सिंकखाली तेल अडवणारा डबा बसवून मिळतो, प्लंबर लावून देतो, आठवड्याला रिकामा करायचा. आणि या वेळचं चेंबर साफ करायचं बिल तुम्ही भरा. न विचारता भरा. चूक कुणाची ते ठरवायला गेलात तर प्लंबर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या केसांचा गुंता काढून दाखवेल आणि भांडण वाढेल.

गाड्यांसाठी: मुलं वर येणार नाहीत, तुम्हीच डबे साडेअकराला खाली आणायचे, दोन पिशव्यांत, एका फेरीत. लिफ्ट आणि पार्किंग दोन्ही सुटले. वासासाठी चिमणीचं तोंड शेजाऱ्याच्या बाल्कनीकडे नाही ना ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं. आणि मिक्सर पहाटे सहाच्या आत लावू नका. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्रच धरली जाते, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मिक्सर त्याच्या कितीतरी वर जातो. वाटण आदल्या संध्याकाळी करून ठेवा.

मग उत्तर लिहा. एक पान. मी इथे राहते, स्वयंपाक मी स्वतः करते, पगारी माणूस नाही, पाटी नाही, कुणी इथे येऊन जेवत नाही, आणि आपण लिहिलेल्या चार गोष्टींवर मी अमुक तारखेपासून असं करते आहे. पाण्याचा वापर जास्त वाटत असेल तर त्यासाठी वेगळी रक्कम द्यायची तयारी दाखवा. आदर्श उपविधींत सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं आणि पाण्याचा आकार नळांची संख्या आणि आकारावर, त्यामुळे कुणी "तुमचा मेंटेनन्स दुप्पट" म्हटलं तर तो ठराव कोणत्या उपविधीत बसतो ते लेखी मागा. शांतपणे. सर्वसाधारण सभेत हा विषय येईल तेव्हा हजर राहा. गैरहजर बाईविरुद्ध ठराव फार पटकन होतो. वकिलाची नोटीस मात्र आपण होऊन पाठवू नका. ज्या जिन्यातून रोज चढायचं त्या जिन्यात कोर्ट आणलं की मटकी विचारणारं कुणी उरत नाही.

वीज आणि गॅस या दोन गोष्टी बायका विचारत नाहीत, आणि तक्रार करणारा नेमक्या याच धरतो.

महावितरणच्या दरपत्रकात एक सोय आहे. घराच्या काही भागातून व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल तर घरगुती दरच लागतो. म्हणजे दर महिन्याचं बिल बघा. इंडक्शनवर भाज्या करायला लागलात, फ्रिज दुसरा घेतलात, की ३०० ओलांडायला वेळ लागत नाही. ओलांडत असाल तर स्वतः जाऊन व्यापारी दराचा अर्ज करा. अनधिकृत वापर म्हणून २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली धरलं तर आकारणी दुप्पट दराने होते, आणि तीही मागच्या काळाची.

गॅसचं गोड बोलून सांगता येत नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे, धंद्यासाठी १९ किलोचा निळा. पाइपच्या गॅसचंही घरगुती आणि व्यापारी कनेक्शन वेगळं असतं. वीस डबे करणाऱ्या बाईच्या घरी कुणी तपासायला येत नाही हे खरं, पण "तक्रार आली म्हणून" येतात. म्हणून गॅस एजन्सीत जाऊन धंद्याचं कनेक्शन मागा, आणि फ्लॅटमध्ये भरलेला एकापेक्षा जास्त सिलिंडर कधीही ठेवू नका, मग तो कोणत्याही रंगाचा असो. माझ्यावर आलेलं पहिलं पत्र वासाचं होतं, पण ज्या दिवशी एका सदस्याने गॅलरीत तीन सिलिंडर पाहिले त्या दिवशी माझ्या बाजूचे लोकही गप्प झाले. बरोबरच होतं त्यांचं. खाली त्यांची मुलं झोपत होती.

बाकी कागद भराभर सांगते. अन्नाची नोंदणी सर्वांत आधी, आजच. मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. तुमची उलाढाल वर्षाला पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे साध्या नोंदणीत बसता. चौदा आकडी नंबर मिळतो, तो बिलावर छापायचा असतो. शॉप अ‍ॅक्टचं म्हणाल तर २०१७ च्या कायद्यापासून मोजके कामगार असलेल्यांना पूर्वीसारखं लायसन्स लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती ठेवायची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो एजंट आहे, सरकार नाही. जीएसटीच्या हिशेबात शिजवलेलं अन्न पुरवणं ही सेवा धरतात, तिची मर्यादा २० लाख, तुम्ही अजून लांब आहात. पण अ‍ॅपवर जायचा मोह झाला तर एक लक्षात ठेवा: तिथे कमिशन कापलं जातं ते विक्रीच्या किमतीवर, तुमच्या सुटणाऱ्या २२ रुपयांवर नाही. ८० रुपयांच्या डब्यातून पंचवीस टक्के गेले तर २० रुपये गेले. उरले दोन. अ‍ॅपवर डब्याची बाई टिकत नाही, पुरणपोळीची टिकते, कारण तिथे भाव आपला लावता येतो.

खाडे. हा शब्द तुमच्या प्रश्नात नाही, पण महिन्याचा डबा लावणारी गिऱ्हाइकं घेतलीत की रोज ऐकाल. "उद्या नको," हा निरोप आदल्या रात्री आठपर्यंत आला तरच खाडा धरायचा, महिन्याला चारपेक्षा जास्त नाही, आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला. पहिल्या दिवशी सांगितलं तर कुणाला राग येत नाही. मी सहा महिन्यांनी सांगितलं, तेव्हा आठ डबे गेले. उधारीबद्दलही तसंच. ओळखीच्या माणसाची उधारी सर्वांत जास्त बुडते, कारण मागायला आपलीच जीभ रेटत नाही.

गाळा कधी घ्यावा? सलग तीन महिने, आणि त्यातला एक महिना मे असावा, ३५ डबे पूर्ण करून तुम्ही रोज दहा-पंधरा लोकांना नाही म्हणत असाल, तेव्हा. आणि नुसत्या डब्यांवर नाही. गाळा चालतो तो संध्याकाळी सहा ते साडेनऊच्या सुट्या पोळ्यांवर. ऑफिसातून येणारं जोडपं घरी भाजी टाकतं, पोळ्या मात्र दहा-बारा विकत घेतं. आमच्या गाळ्यावर निम्म्याहून जास्त गल्ला त्या साडेतीन तासांत होतो. म्हणून गाळा बघायला दुपारी जाऊ नका, संध्याकाळी सातला जा आणि अर्धा तास उभ्या राहा. रस्त्याच्या कोणत्या बाजूने लोक घरी परततात ते बघा. डेक्कनकडून येणाऱ्याच्या डाव्या हाताला दुकान असेल तर तो गाडी थांबवतो; उजव्या हाताला असेल तर "उद्या घेऊ" म्हणतो. दुचाकी अर्धा मिनिट टेकवायला जागा हवी, मोठं पार्किंग नको. दूध, औषधं किंवा इस्त्रीवाला शेजारी असेल तर उत्तम, कारण तिथे माणूस रोज येतोच. दुपारी एक ते चार बंद ठेवलंत तरी पुण्यात कुणी नावं ठेवणार नाही. आपल्याला ठेवायची ती ठेवून झालीत.

गाळ्याचे कागद बघताना तीन गोष्टी मालकाकडून मागा: मंजूर नकाशा, महापालिकेच्या मिळकतकराचं बिल, विजेचं बिल. नकाशात ती जागा दुकान म्हणून दाखवलेली हवी. पार्किंग किंवा इमारतीच्या बाजूची मोकळी जागा बंद करून काढलेले गाळे गल्लोगल्ली आहेत, भाडं कमी असतं, आणि कारवाई होते तेव्हा मालकाची भिंत जाते आणि तुमचा धंदा. मिळकतकर बिगरनिवासी दराने भरलेला हवा. गाळ्यापुढच्या मोकळ्या जागेत टेबल-शेगडी मांडायचा विचार करू नका. अतिक्रमणवाले आधी शेगडीच उचलतात. करारनामा नोंदवलेलाच करा. महाराष्ट्रात लिव्ह अ‍ॅण्ड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. स्टॅम्पपेपरवर सह्या करून भागतं ही समजूत चुकीची आहे. मुदत तीन वर्षांची मागा, पण लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी करार न मोडण्याची अट, फक्त मालकाला लागू ठेवा, तुम्हाला दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता यायला हवं. तो नाही म्हणेल. सहा महिन्यांवर तडजोड करा. आणि करारात "स्वयंपाक करून विक्री" हे शब्द घाला. माझ्या पहिल्या मालकाने "खाद्यपदार्थ विक्री" लिहिलं होतं आणि चौथ्या महिन्यात वरच्या मजल्याने वासाची तक्रार केल्यावर म्हणाला, विका की, शिजवा कशाला? एक्झॉस्टची नळी गच्चीपर्यंत न्यायला सगळ्यांची परवानगी मिळवून मी सुटले, त्यात ४० हजार गेले आणि त्या उन्हाळ्यातली झोपही.

म्हणजे बघा, गाळ्यात गेल्याने शेजारी सुटत नाहीत. फक्त बदलतात. तुमच्या वरच्या मजल्यावर तेव्हाही कुणीतरी राहतच असणार.

शेवटी पाटीचं विचारलंत. घरावर पाटी लावू नका, नावापुढे "घरगुती डबे मिळतील" असा कागदही दारावर नको. कारण वर सांगितलं. गाळ्यावर पाटी मराठीत, देवनागरीत, आणि बाकीच्या भाषांतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. २०२२ पासून छोट्या दुकानांनाही हे लागू आहे. पाटीवर फोन नंबर टाका, पण स्वतःचा टाकू नका, दुसरं सिम घ्या. रात्री अकराला "उद्या वांगं असेल तर माझा खाडा" असे फोन येतात.